कुंडीत झाड आहे

दिवाळी हा आमच्या धंद्यात मयतीचा हंगाम. लोकांच्या दारात आकाशकंदील लागतात आणि आमच्या नर्सरीच्या फाटकातून एकेक जण रिकामी कुंडी छातीशी धरून आत येतो. चेहरा सुतकी, आवाज मात्र चढलेला.

"मॅडम, मेलं."

"पानं कधी पिवळी पडली?"

"दसऱ्याच्या सुमारास."

"मग मेलं नाही. झोपलंय."

यावर समोरचा माणूस ज्या नजरेने बघतो, ती एकदा सोसली की पुढे कुठल्याही मुलाखतीची भीती वाटत नाही. त्यामुळे संपादकांचा 'तुमच्या कामाबद्दल दिवाळीसाठी लिहा' असा निरोप आला तेव्हा मला आधी हसू आलं. माझं शिक्षण इंग्लिश मिडियमचं. मराठी बोलायला मी घरी शिकले आणि ऐकून घ्यायला नर्सरीत.

आमची नर्सरी डहाणूहून बोर्डीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, चिकूच्या वाड्यांच्या मध्ये आहे. मालक जयंतीकाका. ते घरी गुजराती बोलतात, गिऱ्हाइकांशी मराठी आणि बँकेत हिंदी. झाडांशी बोलत नाहीत. 'आम्ही झाडांशी बोलतो' असं सांगणारं गिऱ्हाईक आलं की ते त्याला अलगद महागड्या झाडांकडे नेतात. कामाला सगळ्यांत जुनी सोनीताई. ती तलासरीकडच्या उधव्याहून रोज येते. मग मी.

वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन मी इथे आले ती एका समजुतीवर. माझे बाबा रेल्वेच्या तिकीट खिडकीवर होते. दिवसभर जाळीतून लोकांशी बोलून घरी आले की ते रात्रीपर्यंत गप्प असायचे. मला वाटलं, आपण झाडांत काम करावं, म्हणजे जाळीही नको आणि बोलणंही नको. काकांनी मला जमिनीतल्या ऑर्किडचा विभाग दिला. इतकं गप्प झाड दुसरं नसेल. वर्षातला अर्ध्याहून जास्त काळ ते दिसतसुद्धा नाही. जे झाड स्वतः काही सांगत नाही, त्याच्या वतीने कुणाला तरी सतत बोलावं लागतं, हे मला नोकरी पक्की झाल्यावर कळलं.

ऑर्किड म्हटलं की लोकांना लग्नाच्या स्टेजवरची जांभळी फुलं आठवतात, नाहीतर नारळाच्या सोडणात लटकणारी रोपं. आमची ऑर्किडं जमिनीत राहतात. त्यांना आल्यासारखा किंवा अळकुडीसारखा कंद असतो. जूनच्या तोंडावर कोंब येतो, मग फुलांचा दांडा, मग पानं. पाऊस सरला की पानं पिवळी पडून गळतात आणि कंद पुढच्या जूनपर्यंत मातीत पडून राहतो. यातल्या एका जातीला मराठीत अमरकंद म्हणतात. दर वर्षी मेलेलं म्हणून परत येणाऱ्या झाडाला हे नाव देणाऱ्या माणसाला भेटायला मला आवडलं असतं.

झाड चिवट आहे. उन्हाळा सोसतं, वणवा सोसतं, गुरांचे पाय सोसतं. सोसत नाही ती फक्त माया.

घोलवडच्या एका वाडीवाल्यांनी अमरकंद नेले आणि चिकूखाली लावले. मी सांगितलं, "पानं गळली की पाणी बंद करा."

"बंद म्हणजे किती कमी?"

"बंद म्हणजे बंद."

"ताई," ते मला समजावत म्हणाले, "आमच्यात पाणी बंद करत नाहीत. चिकूला बारा महिने लागतं. शेजारी बघतात, काय म्हणतील?" शेजाऱ्यांनी काही म्हणू नये म्हणून त्यांनी भर एप्रिलात पाटाने पाणी सोडलं. मी गेले तेव्हा कंद पिकल्या चिकूसारखे मऊ झाले होते. बोटाने दाबले तर बी तेवढी निघायची बाकी होती.

वरोरच्या एका ताईंनी मासे धुतलेलं पाणी घातलं. त्यांच्या जास्वंदीला ते मानवत होतं. ऑर्किडलाही कदाचित मानवलं असतं, पण ते कळायच्या आत मांजरांनी कुंडी उलथली. कुणी गांडूळखताने कुंडी काठोकाठ भरतं. हे झाड माळावरच्या खडीत वाढलेलं. त्याला रोज श्रीखंड वाढलं तर दुसरं काय होणार? कुणी बाजारची माती चाळून, धुऊन, कडक उन्हात वाळवून घालतं. यांच्या मुळांना मातीतल्या एका बुरशीची सोबत लागते. म्हणून कंद हलवताना जुन्या जागेची माती ओंजळभर तरी सोबत द्यायची. हे सांगितलं की लोक विचारतात, "बुरशी? मग औषध कुठलं मारू?"

एका रिसॉर्टवाल्याला फाटकाशी बाराही महिने फूल हवं होतं. काका म्हणाले, "बारे महिने पाहिजे तर प्लास्टिकचं घ्या ने, भाई." त्याने खरंच घेतलं, आणि ते आमच्या ऑर्किडांपेक्षा नीट वाढलं आहे.

मुंबईहून येणारी माणसं मला टाळून सोनीताईला गाठतात. "तुम्हाला जंगलातलं सगळं माहीत असेल ना, मावशी?"

"मला काय माहीत? मी बी मोबाइलवर बघते."

"पण तुमच्याकडे या कंदाचं काय करतात?"

"डुकरां खातात," सोनीताई सांगते आणि पाइप उचलून पुढच्या वाफ्याकडे जाते.

रिकाम्या कुंड्या परत यायला लागल्यावर काकांनी तोडगा काढला. प्रत्येक कुंडीत खोचायला छोट्या पाट्या करून घेतल्या: 'कुंडीत झाड आहे'. पुढच्या दिवाळीला डहाणूच्या एका सरकारी कचेरीतले गृहस्थ कुंडी आणि पाटी दोन्ही घेऊन हजर. "मॅडम, आमच्या ऑफिसातही पाटी असते आणि माणूस जागेवर नसतो. निदान घरी तरी वेगळं काही बघू द्या." काकांनी त्यांना बोगनवेल दिली. त्यांची कुंडी आम्ही कोपऱ्यात ठेवली. जूनमध्ये तिच्यातून दांडा आला. मी फोन करून सांगितलं, तर म्हणाले, "आता राहू द्या, बदलीची ऑर्डर आली."

पण पाणी, खत आणि मांजरं ही सगळी लहान दुखणी. मोठं दुखणं एकच. लोक उकरून बघतात. आत आहे की नाही, एवढंच. कंदाला नखाने ओरखडा जातो, त्यातून सड शिरते, आणि आहे की नाही या प्रश्नाचं उत्तर बघणाऱ्याने स्वतःच ठरवलेलं असतं. म्हणून 'उकरू नका' हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की घरी आई कुकरच्या झाकणाला हात लावते तेव्हाही माझ्या तोंडून तेच निघतं.

या बाबतीत सगळ्यांत अट्टल गिऱ्हाईक म्हणजे बोर्डीच्या कुसुमबाई. मराठी शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा गेलेला, मुलगा बडोद्याला, घराला मोठं अंगण. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ऑर्किडवाली तूच का? नखं दाखव."

मी दोन्ही हात पुढे केले. पदवीधर मुलीने असं का करावं, याचा विचार मला घरी गेल्यावर सुचला.

"स्वच्छ आहेत. म्हणजे मातीत हात घालत नाहीस."

"हातमोजे घालते."

"कुठल्या शाळेतली?"

"इंग्लिश मिडियम."

"तरीच. तुमच्याकडे बूट बघतात." त्या दिवसापासून त्या मला 'मिस' म्हणायला लागल्या. त्यांच्या वयाची बाई माझ्या वयाच्या मुलीला मिस म्हणते, हे नर्सरीत सगळ्यांना फार आवडलं.

बाईंची तक्रार अशी की अंगणातले अमरकंद दर वर्षी एखादा कमी होतो. मी बघायला गेले. रविवार होता. बाई पाटावर बसल्या होत्या, शेजारी चहाचा कप. त्यांनी मातीत बोट खुपसलं, क्षणभर थांबल्या, बोट काढलं, पाट हातभर पुढे सरकवला आणि पुन्हा बोट खुपसलं.

"बाई, हे काय करताय?"

"हजेरी घेतेय."

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांची पहिली नेमणूक तलासरीकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत होती. शाळेमागे टेकडी. पावसाळ्यात पोरं टेकडीवरून ही फुलं तोडून आणायची. बाईंनी दटावलं की फुलं तोडायची नाहीत. पोरं आज्ञाधारक. दुसऱ्या दिवशी त्यांनी फूल न तोडता आख्खं झाड कंदासकट उपटून आणलं. बाईंनी ते सगळे कंद शाळेच्या कुंपणाशी लावले आणि बदली होत होत बोर्डीला आल्या तेव्हा सोबत आणले. ज्या पोराने जो कंद आणला, त्याचंच नाव त्याला. लखमा, रमी, चैत्या, बारकी, नवश्या. आणखीही होते.

"ती टेकडी?" मी विचारलं.

"तुझी बस जाते की तिच्यावरून. मुरुमासाठी फोडली आणि महामार्गाखाली घातली. तिच्यावरचं जे काही उरलं, ते या अंगणात आहे."

मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं की उरलेलं टिकवायचं असेल तर बोट घालणं थांबवा. बाईंना ते पटलं नाही. "न बघता हजेरी लावायची? मी जन्मात खोटा पट लावला नाही, मिस. पटावर नाव आणि वर्गात मूल नाही, असल्या शाळा मी पाहिल्यात."

"पण बाई, उकरल्यानेच काही गेले."

"गेले. पण गेले ते मला त्याच आठवड्यात कळलं."

तडजोड म्हणून मी प्रत्येक कंदापाशी प्लास्टिकची पट्टी खोचून दिली, नाव आणि जागा दाखवणारी. म्हटलं, आता बोटाची गरज नाही, पट्टी बघा. बाई हो म्हणाल्या. पुढच्या रविवारी त्या पट्टी बघत होत्या आणि शेजारी बोट घालत होत्या.

गेल्या वर्षी होळीनंतर बाईंचा फोन आला. गुडघे जिन्याला दाद देत नव्हते, मुलगा बडोद्याला चल म्हणून ऐकत नव्हता, घर विकलं होतं. घेणारे सुरतेकडचे, सुट्टीला येऊन राहणार होते. अंगणाला पेव्हर ब्लॉक बसवायचे होते आणि ते पावसाच्या आधी. "मिस, पोरांना काढून द्यायला ये," बाई म्हणाल्या.

मी सोनीताईला घेऊन गेले. फाटक उघडलं आणि पाय तिथेच थांबले. अंगण आरशासारखं सपाट होतं. दुसऱ्याला घर द्यायचं तर घाणेरडं कसं द्यायचं, म्हणून बाईंनी माणूस लावून सगळं झाडून, नवीन मुरूम टाकून, चोपून घेतलं होतं. पान नाही, काडी नाही, पट्टी नाही.

"पट्ट्या कुठायत, बाई?"

"धुऊन ठेवल्यात तुझ्या." त्यांनी रबर लावलेली जुडी माझ्या हातात दिली. एकेक नाव लख्ख दिसत होतं.

जूनपर्यंत थांबलो असतो तर कोंबांनी स्वतःच जागा सांगितली असती. पण ब्लॉकचा टेम्पो परवा येणार होता, आणि ब्लॉकखालून कुठला कोंब वर येणार? माझ्याकडे शास्त्र होतं, पण ते झोपलेला कंद सोळा हात अंगणात कुठे आहे हे सांगत नाही. मी म्हटलं, सळईने टोचून बघू. मग माझं मलाच कळलं की सळई कंदाच्या आरपार जाईल. सोनीताई म्हणाली, "कुदळ मारा सगळीकडं." म्हणजे अर्धे कंद तुकड्यांनी सापडले असते.

बाई आत गेल्या आणि पाट घेऊन आल्या. स्वयंपाकघराच्या पायरीला लावून तो ठेवला, हात टेकत टेकत त्यावर बसल्या. डाव्या हाताने पायरीचा कोपरा धरला, उजवा हात पुढे केला आणि नव्या मुरमात बोटं घातली. मनगटापर्यंत.

"लखमा." बाईंनी आतल्या आत चाचपलं. मग, "हजर."

मी खुरप्याने बाजूने माती काढली. कंद होता. मुठीएवढा, घट्ट.

"कोणचा लखमा?" सोनीताईने विचारलं. "आमच्याकडं घराघरात लखमा हाय."

"नाक पुसायचा नाही तो."

"मंग तर समदेच."

पाट हातभर सरकला. "रमी." हजर. पाट तुळशीकडे वळला. "चैत्या." हजर. इतकी वर्षं दर रविवारी ज्या अंतराने तो पाट सरकत होता, त्याच अंतराने सरकत गेला. बाईंच्या गुडघ्यांना त्रास होत होता, पण हात एकदाही चुकला नाही. मी प्रत्येक कंदासोबत ओंजळभर जुनी माती घेत होते, पट्टी लावत होते आणि मनात एक हिशेब बसत नव्हता. माझ्या ज्या शहाण्या गिऱ्हाइकांनी माझं ऐकून कधी बोट घातलं नव्हतं, त्यांच्यावर ही वेळ आली असती तर त्यांच्या ऑर्किडांवरून आज मोटारी उभ्या राहिल्या असत्या. माझा सल्ला बरोबर होता. तो न ऐकणारी बाई मात्र आपली झाडं घेऊन चालली होती.

पाट शेवटी विहिरीच्या कठड्यापाशी थांबला.

"नवश्या."

बाईंनी बोटं फिरवली. बाहेर काढली, पुसली, पुन्हा घातली. "नवश्या." या वेळी आवाज वर्गातला होता. मी आणि सोनीताई नकळत सरळ उभ्या राहिलो. 'हजर' काही आलं नाही.

"सडला असेल, बाई," मी हळूच म्हणाले. "इथे विहिरीचं पाणी झिरपतं."

"नदीपलीकडून यायचा तो. पाणी वाढलं की उशीर व्हायचा." बाईंनी हात झटकले. "गैरहजर लावू नकोस. ती माती घे कुंडीत."

"नुसती माती?"

"तूच सांगतेस ना सगळ्यांना, कुंडीत झाड आहे म्हणून?"

मी ती माती भरली. बाकीचे कंद बडोद्याच्या गाडीत गेले. ती कुंडी बाईंनी माझ्याकडे दिली. म्हणाल्या, "बडोद्याला नेला तर त्याला रस्ता सापडायचा नाही. तू ठेव. आणि मिस, उकरून बघायचं नाही."

आता रिकामी कुंडी छातीशी धरून नर्सरीच्या फाटकातून आत येणारी मी होते. काकांनी एकदा कुंडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "सूतेलुं छे?" म्हणजे झोपलंय का, असं त्यांनी विचारलं आणि सवयीने पाटी खोचायला उचलली. मी म्हटलं, नको. खात्री नसताना पाटी लावायची नव्हती. कुंडी पत्र्याच्या शेडखाली कोरडी ठेवली. कोंब दिसल्याशिवाय पाणी घालायचं नाही, हा माझाच नियम.

बडोद्याहून जूनमध्ये बातम्या यायला लागल्या. सुनेने लखमाच्या कुंडीत धणे पेरले होते. रिकामी दिसली म्हणून. बाईंनी कोथिंबीर उपटून आमटीत घातली आणि लखमाने त्याच आठवड्यात कोंब काढला. मग रमी, मग चैत्या. बाई रोज सकाळी गॅलरीतून व्हिडिओ कॉल करायच्या. दांड्यांचे फोटो यायचे, त्यात एक बोट नेहमी आडवं. शेवटी विचारायच्या, "नवश्या?" मी म्हणायची, "अजून नाही, बाई."

जून गेला. नर्सरीतली बाकीची ऑर्किडं फुलून बसली. ती एक कुंडी होती तशीच होती, तांबडी, कोरडी, गप्प. तिच्यापुढून जाताना मी दुसरीकडे बघायला लागले. मला माझ्या गिऱ्हाइकांची ती नजर आता आतून कळत होती. कुणी सांगितलेलं कितीही खरं असलं, तरी रिकाम्या कुंडीपुढे ते फार काळ टिकत नाही.

जुलैतल्या एका दुपारी बाहेर धो धो कोसळत होतं. गिऱ्हाईक नव्हतं, काका जेवायला गेले होते, सोनीताई वाफ्यातलं पाणी काढत होती. तेवढ्यात बाईंचा कॉल आला, नेहमीच्या वेळी नाही, भलत्याच वेळी.

"मिस, काय चाललंय?"

"काही नाही, बाई."

"नवश्या?"

"अजून वर आला नाही."

"उकरलंस?"

"नाही, बाई."

"नखं दाखव."

"बाई, मी नर्सरीत काम करते. नखांत माती असणारच."

"दाखव."

मी हात कॅमेऱ्यासमोर धरला.

"जवळ. सरळ धर. हलवू नकोस." बाईंचा चष्मा स्क्रीनभर झाला. "तुझ्यामागे पाऊस दिसतोय. सगळीकडे काळा चिखल आहे. मग नखांत ही कोरडी तांबडी माती कुठून आली?"

मी हात पाठीमागे नेला. शाळेत असतानाही मी अशा वेळी तेच करत असे. पत्र्यावर पाऊस वाजत होता, मी फोनचा आवाज पूर्ण वाढवला. मग त्यांचा आवाज खाली आला, तो शाळेतल्या बाईंचा राहिलाच नाही.

"मग? आहे?"

"हजर आहे, बाई. शेंगदाण्याएवढा आहे. मोठ्या कंदाचा तुकडा असावा, तेव्हा हाताला लागला नाही. पण त्याला डोळा फुटलाय. मी वरून माती नीट लोटली आहे."

स्क्रीनवर थोडा वेळ गॅलरीचं छत दिसलं. फोन कुठेतरी ठेवला होता. नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग बाई पुन्हा समोर आल्या, चष्मा लावून, पदर नीट करून.

"बरं. आता पाणी दे. आणि उशिरा आला म्हणून बाहेर उभा करू नकोस."